चीनच्या दप्तरांनी राखलेला इतिहास आणि आपली जबाबदारी



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून आम्ही विषयाकडे वळतो.

चीनमधील प्रांतोप्रांतीच्या विद्वान अधिकाऱ्यांनी इतिहासग्रंथ कसे जपले, हा विषय संस्थेने आम्हांस दिला आहे. विषय ऐकून कोणाच्याही मनात येईल की, मन्याड खोऱ्यातल्या माणसाचा चीनच्या दप्तराशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. आपल्या मातीचा, आपल्या धम्माचा इतिहास जेव्हा आपल्याच देशात विसरला गेला, तेव्हा तो परक्या देशातील सरकारी नोकरांच्या कपाटांत, त्यांच्या याद्यांत आणि त्यांच्या घरच्या ग्रंथालयांत सुखरूप होता. तो तिथे कसा राहिला, हे समजून घेतले तर आज आपण काय करावयास हवे, तेही समजेल.

एक उदाहरण घेऊ. ह्युएन त्संग हा चिनी भिक्खू भारतात आला आणि इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात पोहोचला. त्याने आपल्या मुलखाचे नाव 'मो-हो-ला-छा' असे लिहिले आहे. येथील माणसे स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे तो सांगतो. हर्षवर्धनासारख्या सम्राटालाही पुलकेशी राजाला नमविता आले नाही, असे तो लिहितो. ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखातही हर्षाच्या पराभवाची नोंद आहे. म्हणजे दोन स्वतंत्र साक्षी जुळतात. या देशात शंभरांहून अधिक विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू होते, राजधानीच्या आत-बाहेर अशोकाचे पाच स्तूप होते, असे त्याने नोंदविले आहे. पुढे पूर्वेकडील डोंगरातल्या एका संघारामाचे वर्णन आहे. तो 'आचार' नावाच्या अर्हताने बांधला, भिंतींवर तथागतांच्या जीवनातील प्रसंग दाखविले आहेत आणि दाराबाहेर दगडी हत्ती आहेत, असे तो म्हणतो. हे वर्णन अजिंठ्याचे आहे, असे विद्वान मानतात. तेथील २६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचलाचे नाव आहे, आणि १६ क्रमांकाच्या लेण्याच्या पायथ्याशी दगडी हत्ती आजही उभे आहेत.

मित्रहो, अजिंठा आपल्या मराठवाड्यात आहे. १८१९ साली एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ती लेणी पाहिली आणि जगाला सांगितली. त्या वेळी ही लेणी कोणाची, चित्रे कशाची, हे सांगणारे पुस्तक आपल्या देशात कोणाच्या हाती नव्हते. पण चीनमध्ये ते पुस्तक बाराशे वर्षे वाचले जात होते. १८५७-५८ मध्ये त्याचे फ्रेंच आणि १८८४ मध्ये इंग्रजी भाषांतर झाले, तेव्हा आपल्या आजोबांचा पत्ता आपल्याला शेजाऱ्याच्या वहीत सापडावा तसे झाले.

आता प्रश्न असा की, ही वही टिकली कशी? ह्युएन त्संग इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. सम्राटाने त्याला प्रवासवर्णन लिहावयास सांगितले. बियानजी नावाच्या भिक्खूने ते संपादित केले आणि ६४६ मध्ये बारा भागांचा ग्रंथ दरबारी सादर झाला. पुढे ६५६ मध्ये राजाज्ञेने काही मोठे अधिकारी त्याच्या भाषांतरांची भाषा तपासण्यासाठी नेमले गेले. म्हणजे भिक्खूने पायपीट केली, भिक्खूने भाषांतर केले, आणि दरबारातील शिकलेल्या नोकरवर्गाने ते तपासले, नोंदविले आणि यादीत घातले. ग्रंथ एकदा यादीत गेला की तो हरवला तर कोणीतरी विचारतो. यादीत नसलेला ग्रंथ हरवला तर हरवल्याचेही कळत नाही. ही गोष्ट आपण पुढे पुन्हा पाहणार आहोत.

हा नोकरवर्ग कोण होता? चीनमध्ये सहाव्या-सातव्या शतकापासून १९०५ सालापर्यंत परीक्षा घेऊन अधिकारी निवडण्याची पद्धत होती. परीक्षेत जुने ग्रंथ, इतिहास, निबंध यांचा अभ्यास लागे. पास झालेल्यास जिल्हा मिळे. आपल्याकडच्या तहसीलदारासारखे त्याचे काम असे. कर, न्याय, धरणे, दुष्काळ, शाळा, सारे तोच पाही. पुढच्या काळात नियम असा होता की, अधिकाऱ्याला स्वतःच्या प्रांतात नेमावयाचे नाही. त्यामुळे प्रत्येक अधिकारी परक्या मुलखात जाई आणि तेथील माहिती त्याला कागदावरून समजून घ्यावी लागे. म्हणून प्रत्येक जिल्ह्याचा एक वृत्तांतग्रंथ तयार होई. नद्या, विहार, मंदिरे, शिलालेख, पूर, पिके, विद्वान, सत्त्वशील स्त्रिया, सारे त्यात येई. १९४९ पूर्वीचे असे आठ हजारांहून अधिक ग्रंथ आजही शिल्लक आहेत. आपल्याकडे जिल्हा गॅझेटियर असते, तोच हा प्रकार. फरक इतकाच की त्यांच्याकडे हा क्रम शेकडो वर्षे चालला आणि दर दोन-तीन पिढ्यांनी नवी आवृत्ती निघाली.

परंतु हे सारे सुखासुखी झाले, असे कोणी समजू नये. इ. स. पूर्व २१३ मध्ये छिन सम्राटाने जुने ग्रंथ जाळण्याची आज्ञा केली. जिनान गावच्या फू शंग नावाच्या पंडिताने, जो त्याच दरबाराचा नोकर होता, राजवटींचा ग्रंथ घराच्या भिंतीत चिणून ठेवला. मग युद्धे झाली, तो परागंदा झाला. परत येऊन भिंत उकरली तर बराचसा भाग नष्ट झालेला होता. २९ प्रकरणे उरली होती. तीच त्याने आपल्या मुलखात शिकविली. नव्या राजवटीत त्या ग्रंथाचा जाणकार शोधू लागले, तेव्हा फू शंग नव्वदीच्या पुढे गेलेला होता, त्याला चालवत नव्हते. तेव्हा दरबाराने छाओ छो नावाच्या अधिकाऱ्यालाच त्याच्या घरी शिकण्यास पाठविले. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात असलेले ज्ञान तो जाण्याआधी उतरवून घेण्यासाठी सरकार त्याच्या दारी गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सिमा छियान हा चीनच्या इतिहासलेखनाचा जनक मानला जातो. तो दरबारातील इतिहासाधिकारी होता. इ. स. पूर्व ९९ मध्ये एका पराभूत सेनापतीची बाजू घेतली म्हणून त्याला पुरुषत्व हरण करण्याची शिक्षा झाली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे असा अपमान झालेल्याने जीव द्यावा, अशी अपेक्षा असे. त्याने जीव दिला नाही; कारण वडिलांनी सोपविलेला ग्रंथ अपुरा होता. १३० प्रकरणांचा तो ग्रंथ त्याने पुरा केला, आणि एक प्रत डोंगरात सुरक्षित ठेवून दुसरी राजधानीत ठेवल्याचे स्वतः लिहून ठेवले. त्याच्या मुलीच्या मुलाने, जो पुढे अधिकारी झाला, तो ग्रंथ लोकांसमोर आणला. दोन प्रती, दोन ठिकाणे आणि पुढच्या पिढीतील एक जबाबदार माणूस, एवढ्यावर दोन हजार वर्षांचा इतिहास तरला.

माता-भगिनींसाठी एक नाव आवर्जून सांगतो. पान कू या अधिकाऱ्याने हान राजवटीचा इतिहास लिहिण्यास घेतला आणि इ. स. ९२ मध्ये तो तुरुंगात मरण पावला. त्याचे अपुरे काम त्याची बहीण पान चाओ हिने पुरे केले. इतकेच नव्हे, तर तो कठीण ग्रंथ कसा वाचावा, हे तिने पुढच्या काळातील नामांकित पंडितांना शिकविले.

आता धम्माच्या इतिहासाकडे येऊ. इ. स. ५७४ मध्ये उत्तर चीनमधील एका राजाने बौद्ध संघ मोडून काढला. विहार बंद झाले, भिक्खूंना चीवर उतरवावयास लावले. त्यांत फेइ चांगफांग नावाचा एक भिक्खू होता, छंगतू भागचा. राजवट बदलली, तेव्हा तो पुन्हा भिक्खू झाला नाही. नव्या सरकारच्या भाषांतर कार्यालयात पंडित म्हणून नोकरीस लागला. तेथे बसून त्याने इ. स. ५९७ मध्ये बौद्ध ग्रंथांचा पंधरा भागांचा कालानुक्रमे इतिहास व सूची लिहिली. कोणता ग्रंथ कोणी, कोणत्या वर्षी, कोठे भाषांतरित केला, याची ती यादी आहे. त्यातील काही नोंदींवर आजचे संशोधक शंका घेतात. परंतु छळाच्या दुसऱ्याच पिढीत एवढी यादी करणे, हेच मोठे काम होते.

याच ग्रंथात एक विलक्षण नोंद आहे. संघभद्र नावाचा भिक्खू इ. स. ४८९ च्या सुमारास कँटन येथे विनय-अट्ठकथेचे भाषांतर करीत होता. त्याच्याजवळ विनयाची एक प्रत होती. परंपरा अशी की, तथागतांच्या परिनिर्वाणानंतर दर वर्षावासाच्या शेवटी भिक्खू त्या प्रतीवर एक ठिपका देत आले. आचार्य गेला की शिष्याने ठिपका द्यावयाचा. संघभद्राने शेवटचा ठिपका दिला, तेव्हा एकूण ९७५ ठिपके झाले. त्या हिशोबाने परिनिर्वाण इ. स. पूर्व ४८६ च्या आसपास येते. श्रीलंकेची परंपरा इ. स. पूर्व ५४४ सांगते, आणि आधुनिक विद्वानांत यावर आजही मतभेद आहेत. ठिपके शब्दशः खरे मानावेत की नाही, हा वाद विद्वानांनी करावा. आपण एवढे पाहावे की, या परंपरेने वर्षातून एक ठिपका हे धम्माचे काम मानले, आणि एका सरकारी पंडिताने ते लिहून ठेवले नसते तर हा वादही शिल्लक राहिला नसता.

संघभद्राने केलेले ते भाषांतर मूळ चिनीतून इंग्रजीत आणले ते एका मराठी माणसाने. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्याकडे पाली शिकलेले डॉ. पु. वि. बापट (१८९४-१९९१) यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्या साहाय्याने ते केले आणि १९७० मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने ते प्रसिद्ध केले. त्याआधी १९३७ मध्ये डॉ. बापटांनी 'विमुत्तिमग्ग' या ग्रंथाचा 'विसुद्धिमग्गा'शी तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला होता. उपतिस्स थेरांचा हा ध्यानमार्गावरचा ग्रंथ मूळ भाषेत हरवलेला. तो इ. स. ५१५ मध्ये संघपालाने केलेल्या चिनी भाषांतरात पूर्ण राहिला. १९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी, बौद्ध धर्माच्या २५०० वर्षांचा जो ग्रंथ भारत सरकारने काढला, त्याचे संपादनही डॉ. बापटांचेच. कँटनहून पुण्याला येण्यास त्या भाषांतराला जवळजवळ पंधराशे वर्षे लागली. परंतु ते आले, कारण मध्ये प्रत्येक पिढीत कोणीतरी त्याची प्रत केली होती.

चिनी अधिकारी सर्वच धम्माचे मित्र होते, असे आम्ही म्हणणार नाही. हान यू या प्रसिद्ध लेखक-अधिकाऱ्याने इ. स. ८१९ मध्ये बुद्धधातूच्या पूजेविरुद्ध सम्राटाला अर्ज केला. ८४५ मध्ये तर सरकारनेच ४,६०० विहार मोडले आणि २,६०,५०० भिक्खू-भिक्खुणींना संसारात परत पाठविले. हे आकडे आपल्याला कोठून माहीत? त्याच सरकारच्या दप्तरातून, अधिकाऱ्यांनी संकलित केलेल्या राजवटीच्या इतिहासातून. ज्यांनी छळ केला, त्यांच्याही दप्तरात आकडा राहिला.

येथे थोडे थांबून विचार करू. १९७८ साली विद्यापीठ नामांतराच्या प्रश्नावरून मराठवाडा पेटला. आपल्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ही नावे आपण सभेत घेतो, घोषणा देतो. पण आपल्या तालुक्यात कोणत्या गावी किती घरे जळाली, कोण कोठे आश्रयास गेले, कोणाची शाळा सुटली, ही गावनिहाय यादी आपल्या विहारात, आपल्या हाताने लिहिलेली आहे काय? पोलीस ठाण्यात कागद असतील, कोर्टात असतील. ते त्यांच्या भाषेत असतील. आपल्या भाषेत लिहिलेला कागद कोठे आहे? त्या रात्री ज्यांनी मुलांना पोटाशी धरून रान गाठले, त्या आया आज नव्वदीकडे झुकल्या आहेत. आपल्या गावचे फू शंग हेच आहेत. त्यांच्या दारी छाओ छो होऊन कोण जाणार?

चीनकडे परत येऊ. इ. स. ९७१ मध्ये सुंग सम्राटाने अधिकारी छंगतूस पाठवून संपूर्ण त्रिपिटक लाकडी फळ्यांवर कोरण्याचे काम सुरू केले. ९८३ मध्ये ते पुरे झाले. सुमारे १,३०,००० फळ्या लागल्या. पुढे उत्तरेकडून स्वारी झाली आणि त्या फळ्या गेल्या. मात्र तोवर छापील प्रती कोरियात व जपानात पोहोचल्या होत्या. तेराव्या शतकात कोरियाने पुन्हा कोरलेल्या ८१,२५८ फळ्या हाइन्सा विहारात आजही आहेत. मूळ गेले, प्रत राहिली.

घरगुती ग्रंथालयांचीही कथा अशीच आहे. फान छिन हा सोळाव्या शतकातील अधिकारी अनेक प्रांतांत नोकरी करून निंगबो या आपल्या गावी निवृत्त झाला. बदली होईल तेथील जिल्हावृत्तांत आणि परीक्षांच्या याद्या तो जमवीत असे. इतर श्रीमंत लोक दुर्मिळ पोथ्यांच्या मागे असत. याने सामान्य, सरकारी, कोणी न जपणारे कागद जपले, आणि तेच आज अमूल्य ठरले आहेत. १५६१ च्या सुमारास त्याने 'थियान-यी' नावाची दुमजली इमारत बांधली. आगीच्या भयाने पुढे तळे खोदले, किडीसाठी पानांत सुगंधी वनस्पती ठेवली. ग्रंथांची वाटणी करावयाची नाही, सर्व शाखांच्या संमतीशिवाय कपाट उघडावयाचे नाही, असा घराण्याचा नियम केला. ते ग्रंथालय आजही उभे आहे.

१७७३ मध्ये सम्राटाने देशभरचे ग्रंथ एकत्र करून मोठा संग्रह करण्याचे ठरविले, तेव्हा या घराण्याने ६३८ ग्रंथ दिले. त्याच मोहिमेत सरकारला न आवडणारे हजारो ग्रंथ जप्त होऊन जाळले गेले, हेही सांगितले पाहिजे. जपणारा हात आणि जाळणारा हात एकाच सरकारचा असू शकतो. म्हणून सर्व काही सरकारच्या कपाटात ठेवून निर्धास्त राहणे शहाणपणाचे नव्हे.

त्या संग्रहाच्या सात प्रती सात ठिकाणी ठेवल्या होत्या. १८६१ मध्ये यादवीत हांगचौ येथील प्रत उधळली गेली. डिंग शेन व डिंग बिंग हे दोघे भाऊ बाजारात गेले, तर दुकानदार खाण्याचे जिन्नस त्याच ग्रंथांच्या पानांत बांधून देत होते. त्यांनी जीव धोक्यात घालून पाने गोळा केली, विकत घेतली, आठ हजारांहून अधिक खंड वाचविले आणि शांतता झाल्यावर उरलेले दुसऱ्या प्रतींवरून लिहवून घेतले. हे भाऊ मोठे अंमलदार नव्हते, व्यापारी घराण्यातील वाचक होते. रद्दीत पान दिसले की थांबणारा माणूस लागतो. हुद्दा लागतोच असे नाही.

याच्या उलट तुनहुआंगची गोष्ट. १९०० साली तेथील एका गुहेत वांग युआनलू या साधूला हजारो हस्तलिखिते सापडली, त्यांत बौद्ध ग्रंथांचा मोठा साठा होता. त्याने तालुक्याच्या अधिकाऱ्यांना कळविले, नमुने पाठविले. प्रांताचे शिक्षणाधिकारी ये छांगछी हे स्वतः शिलालेखांचे जाणते. त्यांना नमुने मिळाले, महत्त्वही कळले, पण ते तेथवर गेले नाहीत. पुढे आपल्या रोजनिशीत त्यांनी त्याचा पश्चात्ताप लिहून ठेवला. १९०४ मध्ये 'गुहा बंद करून ठेवा' एवढाच हुकूम झाला. वाहतुकीचा खर्च कोण करणार? १९०७ मध्ये स्टाइन आणि १९०८ मध्ये पेलियो आले आणि थोड्या चांदीच्या मोबदल्यात गाड्या भरून घेऊन गेले. इ. स. ८६८ चे छापील वज्रच्छेदिका सूत्र तेव्हापासून लंडनमध्ये आहे. १९१० मध्ये उरलेले बीजिंगला नेताना वाटेत अधिकाऱ्यांनीच चोऱ्या केल्या. विद्वत्ता होती, खुर्ची होती, हुकूमही होता. उठून जाणारे पाय नव्हते.

आता आपल्या घरी येऊ. आपले कंधार राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे गाव. तिसऱ्या कृष्णाच्या काळातील शिलालेख येथे मिळाला, त्यात जगत्तुंगसमुद्र या तलावाचा उल्लेख आहे. तो दगड वाचला गेला, छापला गेला, म्हणून तळ्याचे नाव आपल्याला कळले. अजिंठ्याची चित्रे आज दिसतात, त्यात हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी यांचा मोठा वाटा आहे. १९१४ मध्ये ते खाते निघाले, १९२० नंतर इटलीचे कारागीर बोलावून गळणारी चित्रे पक्की केली, आणि १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भाग प्रसिद्ध झाले. धर्माने मुसलमान, नोकरीने निजामाचा अधिकारी, आणि काम तथागतांच्या चित्रांचे. विद्वान अधिकारी म्हणजे काय, याचा हा मराठवाड्यातील नमुना होय.

दुसरा नमुना आपल्यातलाच. वसंत मून (१९३२-२००२), नागपूरच्या वस्तीत वाढलेले, महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून लागलेले. बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन महापरिनिर्वाणानंतर कोर्टाच्या व सरकारी प्रशासकाच्या ताब्यात पेट्यांत पडून होते. १९६७ मध्ये दिल्लीचे घर रिकामे करताना बरेच कागद उघड्यावर टाकले गेले आणि पावसात भिजले, असे नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्र शासनाने समिती नेमली. मून हे विशेष कार्य अधिकारी झाले. १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड निघाला. एकेक टंकलिखित पान जुळवून, अपुऱ्या प्रकरणांची जागा ठरवून त्यांनी खंडामागून खंड काढले. 'रिडल्स'वरून १९८७-८८ मध्ये वादळ उठले, तरी काम थांबले नाही. आज आपल्या मुलांच्या हातात जे खंड आहेत ते या महसूल खात्यातील माणसामुळे. आणि पुढे छपाई रखडली म्हणून २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, हेही विसरू नये. काम एका माणसाने संपत नाही. ठिपका दरवर्षी द्यावा लागतो.

सभासद बंधूंनो, आपल्या संस्थेत शिक्षक आहेत, तलाठी आहेत, ग्रामसेवक आहेत, बँकेत, टपालात, एस. टी. त काम करणारे आहेत. बाबासाहेबांनी शिक्षणाची आणि नोकरीची दारे उघडली ती केवळ आपले घर बांधण्यासाठी नव्हेत. समाजाच्या शिकलेल्या माणसांकडून त्यांची मोठी अपेक्षा होती, आणि मार्च १९५६ मध्ये आग्र्याला त्यांनी या वर्गाबद्दल आपले दुःखही बोलून दाखविले होते. वर्गणी देणे चांगलेच. पण वर्गणीची पावती फाडणारा हात नोंदही लिहू शकतो. म्हणून आम्ही काही साध्या सूचना करतो.

पहिली सूचना, प्रत्येक गावासाठी एक वही घालावी. गावचा विहार कधी झाला, जागा कोणी दिली, १९५६ नंतर धम्मदीक्षा कोणत्या दिवशी, कोणाच्या हस्ते झाली, पहिला मॅट्रिक कोण, पहिली शिकलेली मुलगी कोण, विहिरीचा प्रश्न कधी सुटला, १९७८ मध्ये काय घडले, हे त्यात लिहावे. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि तारीख घालावी. दोन माणसांनी वेगळे सांगितले तर दोन्ही लिहावे. आपल्याला आवडते तेवढेच ठेवू नये. आपल्या लोकांची लाजिरवाणी गोष्टही लिहावी, नाही तर तो इतिहास नसून स्तुती होईल.

दुसरी, जुने कागद जपावे. दीक्षेची प्रमाणपत्रे, सभांची पत्रके, शाहिरांच्या गाण्यांच्या वह्या, मुंबईच्या गिरणीतून आलेली पत्रे, विहारातील जमाखर्चाचे रजिस्टर. ओल्या भिंतीला लागून ठेवू नयेत, वाळवी आणि कसर यांवर नजर ठेवावी, वर प्लास्टिक चिकटवू नये. घरातील म्हातारे माणूस गेले की पेटी रद्दीत घालण्यापूर्वी संस्थेला कळवावे.

तिसरी, दोन प्रती आणि दोन ठिकाणे. एक विहारात, दुसरी दुसऱ्या गावी किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. मोबाईलवर छायाचित्र अवश्य काढावे; पण मोबाईल बिघडतो, म्हणून कागदही ठेवावा. आणि सर्व वस्तूंची एक यादी करावी. यादीत नसलेले हरवले तर कोणाला कळत नाही, हे आपण पाहिले.

चौथी सूचना विद्यार्थ्यांसाठी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली, तेव्हा आपले कंधार हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबरला ते मुंबई राज्यात आले. त्यामुळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनीचे, वतनाचे जुने कागद उर्दूत आणि मोडीत आहेत. ते वाचणारे आता थोडे उरले आहेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास जरूर करा. त्याबरोबर तुमच्यापैकी एकाने मोडी, एकाने उर्दू, एकाने पाली शिकावी. पुण्याच्या एका मराठी प्राध्यापकाने चिनी शिकून हरवलेला मार्ग परत आणला. आपण निदान आपल्या पणजोबांची सही तरी वाचावी.

ग्रंथ जाळणारे राजे चीनमध्ये झाले, आपल्याकडेही झाले. त्यांनी नष्ट केले ते दिसते, त्यावर आपण बोलतो. परंतु त्याहून अधिक नष्ट झाले ते कोणीच प्रत न केल्यामुळे, कोणीच यादी न केल्यामुळे, पेटी उघडून पाहण्यास कोणालाच सवड नसल्यामुळे. त्या नुकसानीला शत्रू लागत नाही. आपल्या समाजाला शतकानुशतके लिहू दिले नाही, म्हणून आपल्या आजी-आजोबांची दप्तरे नाहीत. आता लेखणी हाती आहे. यापुढे जे लिहिले जाणार नाही, त्याचा जाब पुढची पिढी आपल्यालाच विचारील.

येत्या वर्षावासात संस्थेने पहिल्या दहा गावांच्या वह्या सुरू कराव्यात, आणि वर्षावासाच्या समाप्तीस त्या विहारात ठेवून प्रत्येकीवर त्या वर्षाचा एक ठिपका द्यावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम! नमो बुद्धाय!